एक स्नेअर आणि सात हेड

स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या खाली तारांची पट्टी असलेल्या ड्रमचा, आवाज मनासारखा लागेनासा झाला की बहुतेक वादक वरचे हेड, म्हणजे काठी ज्यावर पडते तो ताणलेला पडदा, बदलतात, आणि तरीही समाधान झाले नाही तर त्याहून महागडे असे दुसरे वरचे हेड आणतात. मीही बरीच वर्षे हेच करत आलो. माझा स्नेअर १४ इंच व्यासाचा, साडेपाच इंच खोलीचा, पोलादी शेलचा, म्हणजे नळकांड्याचा, आणि हेड ताणणाऱ्या दहा रॉडचा आहे. हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात तो सहा वर्षे माझ्याबरोबर फिरतो आहे, आणि या सहा वर्षांत त्याच्यावर किती वरची हेड चढली-उतरली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. गेल्या पावसाळ्यात कार्यक्रम थोडे होते, तेव्हा हा प्रश्न एकदाचा नीट सोडवावा म्हणून मी पाच वरची आणि दोन खालची हेड याच एका ड्रमवर आळीपाळीने चढवून ऐकली. प्रत्येक वरचे हेड निदान एक आठवडा ड्रमवर ठेवायचे, त्या आठवड्यात एक तरी पूर्ण तालीम करायची, काठ्या त्याच ५ए मापाच्या, हिकरी लाकडाच्या वापरायच्या आणि आवाज तीन ठिकाणांहून, म्हणजे स्टुलावरून, दहा पावलांवरून आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतून, फोनवर मुद्रित करायचा, एवढेच नियम मी स्वतःला घालून घेतले होते. तिसरे ठिकाण महत्त्वाचे ठरले, कारण वादकाच्या कानाला जे हेड कर्कश वाटते तेच शेवटच्या रांगेत अनेकदा नेमके लागते.

हेडच्या पाकिटावर जाडी ‘मिल’ या मापात दिलेली असते. एक मिल म्हणजे एका इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे १० मिलचे हेड साधारण पाव मिलिमीटर जाडीचे भरते. हे हेड पॉलिएस्टरच्या फिल्मचे असते. ड्रमवर पूर्वी वासराचे कातडे चढवत, आणि कातडे म्हटले की हवेची मर्जी सांभाळणे आले. हलगी विस्तवावर शेकून मगच हातात घेणारे वादक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. १९५० च्या दशकात ड्युपाँट कंपनीच्या मायलार फिल्मपासून हेड बनू लागली. त्या कामात अमेरिकेतील चिक इव्हान्स आणि रेमो बेली ही दोन नावे पुढे होती, आणि बेली यांची रेमो कंपनी १९५७ मध्ये सुरू झाली. आज आपल्याकडे मिळणारी आयात केलेली हेड बहुतांशी याच दोन नावांची असतात, म्हणून मीही निवड तेवढ्यापुरतीच ठेवली. मुंबईच्या दमट जुलैमध्ये महिनाभर पडून राहिलेला स्नेअर पिशवीतून काढला तरी जवळपास त्याच सुरात बोलतो, हे या फिल्मचे देणे आहे.

पहिले हेड रेमोचे कोटेड अँबॅसडर. एकच थर, जाडी १० मिल, वर पांढरे खरखरीत कोटिंग. वर्षानुवर्षे स्नेअरच्या आवाजाचा मानदंड म्हणून हेच धरले जाते, आणि बाकीच्या हेडचे वर्णन ‘अँबॅसडरपेक्षा कोरडे’ किंवा ‘अँबॅसडरपेक्षा जाड’ अशाच भाषेत होते. ते चढवल्यावर सर्वांत आधी जाणवते ती त्याची तत्परता: काठी जेमतेम टेकली तरी खालच्या तारा बोलतात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या दबक्या नोट्स माइकशिवायही पाच-सहा रांगांपर्यंत पोचतात. रिमशॉट, म्हणजे हेड आणि कडेची रिम यांवर एकदम ठोका, मारला की आवाज खणखणीत फुटतो. कोटिंगमुळे पारदर्शक हेडचा धातूसारखा टणत्कार थोडा मवाळ होतो, आणि ब्रशने वाजवणाऱ्याला तर हा खरखरीतपणा हवाच, कारण गुळगुळीत फिल्मवर ब्रश फिरवला तर ऐकण्यासारखे काही निघत नाही. उणे म्हणजे मध्यम ताणावर हे हेड ठोक्यानंतर बराच वेळ ‘टंऽऽग’ करत राहते. पोलादी शेलवर तर ही शेपूट अधिकच लांबते. शिवाय जोरकस हाताच्या वादकाच्या काठीखाली मधोमध खळगे लवकर पडतात. माझा हात मध्यम आहे, तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात कोटिंग मधून झिजून गोल टक्कल दिसू लागते आणि साधारण त्याच सुमारास आवाजातली ओल जाते.

इव्हान्सचे जी-१ कोटेड हेही एकाच थराचे आणि १० मिलचे आहे. या दोघांमधला फरक जितका रंगवून सांगितला जातो तितका मला शेवटच्या रांगेतल्या मुद्रणात ओळखता आला नाही. एका मित्राला डोळे मिटून ऐकवले, तेव्हा त्याने पाचांपैकी तीनदा बरोबर सांगितले, म्हणजे नाणे उडवले असते तरी फार वेगळे घडले नसते. हातातला फरक मात्र खरा आहे. जी-१ची कॉलर, म्हणजे कडेने खाली वळणारा भाग, ड्रमच्या काठावर सहज बसतो. त्यामुळे पहिल्याच फेरीत दहाही रॉडपाशी सूर जवळपास सारखा लागतो, आणि ज्याला सूर लावण्याचा सराव नाही त्याची अर्धी कटकट इथेच वाचते. नवशिक्याला मी जी-१ सुचवीन.

रेमोचे कोटेड एम्परर दोन थरांचे आहे आणि प्रत्येक थर ७ मिलचा आहे. दोन थर एकमेकांवर घासल्याने उंच ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर, आपोआप मरतात, वस्तुमान वाढल्याने आवाज भरदार व थोडा खालचा वाटतो, आणि हेड अर्थातच जास्त टिकते. रॉकच्या किंवा लेझीम-ताशाच्या ठेक्यावरच्या गाण्यांना, जिथे प्रत्येक दुसरा-चौथा ठोका हात उचलून मारायचा असतो, तिथे हे हेड शोभून दिसते. पण त्याच कार्यक्रमात एखादे संथ भावगीत आले आणि स्नेअरवर फक्त काठीचे टोक फिरवायचे असले, तर हे हेड झोपी जाते. हलक्या हाताला ते उत्तरच देत नाही, तारा बोलायला मागेपुढे पाहतात आणि वादक नकळत जोर वाढवतो. आमच्या गायिकेने दुसऱ्याच तालमीत मागे वळून पाहिले. तिला हेडबद्दल काही ठाऊक नव्हते, पण आवाज वाढलेला तिला कळला होता. ज्यांच्या कार्यक्रमात सगळीच गाणी मोठ्या आवाजाची आहेत त्यांनी एम्परर जरूर घ्यावे. माझ्यासारख्या सरमिसळ वाजवणाऱ्याला ते पेलत नाही.

चौथे हेड रेमोचे कंट्रोल्ड साउंड, कोटेड आणि खालच्या बाजूने काळा ठिपका चिकटवलेले. ठिपका खालून असल्यामुळे वरचा खरखरीत पृष्ठभाग अखंड राहतो आणि ब्रशलाही अडथळा होत नाही. आपल्या वाचकाला हा मधला काळा ठिपका पाहताच तबल्याची शाई आठवेल, आणि ती आठवण अगदीच अस्थानी नाही, कारण दोन्ही ठिकाणी पडद्याच्या मध्यभागी वजन वाढवलेले असते. मात्र हेतू निराळे आहेत. साध्या गोल पडद्याचे ओव्हरटोन मूळ सुराच्या पूर्ण पटीत येत नाहीत, पहिलाच ओव्हरटोन सुमारे १.५९ पटीवर पडतो. त्यामुळेच ड्रमचा आवाज गाण्याच्या स्वरासारखा न वाटता ठोक्यासारखा वाटतो. तबल्याची आणि मृदंगाची शाई हे ओव्हरटोन ओढून पूर्ण पटींच्या जवळ आणते, म्हणून तबला स्वरात मिळवता येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये याच विषयावर लेखन केले होते. स्नेअरच्या ठिपक्याकडून कोणी एवढी अपेक्षा ठेवू नये. तो एका पातळ चकतीइतकाच आहे, आणि त्याचे काम म्हणजे काठी जिथे सतत पडते ती जागा मजबूत करणे आणि ठोक्याला थोडा नेमकेपणा देणे. ही दोन्ही कामे तो चोख करतो. मधोमध वाजवले तर आवाज अँबॅसडरपेक्षा ठसठशीत आणि आखूड येतो, आणि ठिपक्याबाहेर काठी नेली की एका थराच्या हेडचा मोकळेपणा परत मिळतो. एकाच हेडवर दोन आवाज मिळतात, ही गोष्ट मला अनपेक्षितपणे आवडली.

पाचवे इव्हान्सचे जेनेरा एचडी ड्राय. हे दोन थरांचे असून त्याच्या कडेने बारीक छिद्रांची रांग आहे, आणि ओव्हरटोन जिथे जास्त जागे असतात त्या कडेच्या भागातच ते आवाज शोषून घेते. जवळ लावलेल्या माइकला हे हेड फार मानवते. मुद्रणकक्षात ध्वनिमुद्रकाने पहिल्याच ठोक्याला मान डोलावली, चिकटपट्टी लावा, रुमाल ठेवा, पाकीट ठेवा असले काही सांगितले नाही. स्टुलावर बसूनही आवाज एकदम तयार आणि व्यावसायिक वाटला. गंमत शेवटच्या रांगेत कळली. तिथे, माइकशिवाय, स्नेअर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा ऐकू आला, कारण वादकाला जो टणत्कार नको असतो तोच गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीतून वाट काढून श्रोत्यापर्यंत जाणारा भाग असतो. एकट्या ड्रमचा आवाज ऐकून हेड निवडणाऱ्याची फसगत होते ती इथे. दुकानात एकटा वाजवलेला स्नेअर आणि सात वाद्यांत मिसळलेला स्नेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचे बहुतेक काम स्टुडिओत आहे किंवा प्रत्येक कार्यक्रमात स्नेअरला स्वतंत्र माइक मिळतो, त्यांच्यासाठी हे उत्तम हेड आहे. इतरांनी साध्या हेडवर कडेला जेलचा एक छोटा तुकडा चिकटवून पाहावा, तो नको वाटला तर काढता तरी येतो.

पाच आठवडे असे गेले आणि माझ्या लक्षात आले की आवाजाची एक तक्रार सगळ्याच हेडवर कायम होती. ठोक्यानंतर तारांचा एक घोगरा, पसरट आवाज येत होता, आणि तारा घट्ट केल्या की तो जाऊन स्नेअर गुदमरत होता. मी ड्रम पालथा केला. खालचे हेड ड्रम विकत घेतला त्या दिवसापासूनचे, म्हणजे सहा वर्षांचे होते. त्यावर काठी कधीच पडत नाही, म्हणून ते बदलायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. काढून दिव्यासमोर धरले तेव्हा तारांच्या पट्टीखाली उमटलेल्या समांतर रेघा आणि दोन्ही टोकांना, जिथे पट्टीच्या धातूच्या कडा टेकतात तिथे, पडलेले खळगे स्पष्ट दिसले. फिल्म ताणून ताणून इतकी थकली होती की बोटाने दाबल्यावर ती लगेच मागे येत नव्हती.

खालचे हेड म्हणजे स्नेअरचे अर्धे अंग आहे. त्यावर तारा टेकलेल्या असतात आणि वरच्या ठोक्याने आतली हवा हलली की हेच हेड तारांना हलवते, म्हणून ते अतिशय पातळ असावे लागते. रेमोचे अँबॅसडर हेझी स्नेअर साइड आणि इव्हान्सचे हेझी ३०० ही मी वापरलेली दोन्ही खालची हेड ३ मिलची, म्हणजे वरच्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ आहेत. इव्हान्सच्या या मालिकेत २ मिलचे २०० आणि ५ मिलचे ५०० असेही पर्याय आहेत. पातळ घेतले तर तारा अधिक संवेदनशील होतात, जाड घेतले तर आवाज आटोपशीर आणि हेड टिकाऊ. ३ मिल हा बहुतेकांसाठी योग्य मध्य आहे, आणि या दोन कंपन्यांच्या ३ मिलच्या हेडमध्ये मला निवडण्याजोगा फरक सापडला नाही. दोन्ही वरच्या हेडपेक्षा बरीच स्वस्त पडतात. नवे खालचे हेड चढवून पहिल्याच दिवशी तेच महिनाभराचे जुने अँबॅसडर वाजवले, आणि पाच वरची हेड बदलून जितका फरक पडला नव्हता तितका त्या एका बदलाने पडला. तारांची कुरकुर गेली आणि दबक्या नोट्स वेगवेगळ्या ऐकू येऊ लागल्या. एम्परर पुन्हा चढवून पाहिले तर तेही पूर्वीइतके आळशी राहिले नव्हते, म्हणजे त्याच्यावर केलेला माझा अर्धा आरोप खालच्या हेडचा होता.

खरेदी करताना एक सावधगिरी हवी. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी ‘स्नेअरचे खालचे हेड’ म्हणून मागवले तेव्हा मला टॉमला, म्हणजे सेटमधल्या तारा नसलेल्या ड्रमला, लावायचे १० मिलचे पारदर्शक हेड आले, आणि विचारल्यावर ‘दोन्ही १४ इंचाचीच आहेत’ असे उत्तर मिळाले. व्यास एकच असला तरी हे हेड तारांखाली लावले तर ड्रम जवळजवळ मुका होतो. पाकिटावर ‘स्नेअर साइड’ हे शब्द पाहावेत, आणि शक्य असल्यास दुकानात जाऊन हेड हाताने वाकवून पाहावे. ३ मिलची फिल्म कागदासारखी लवचिक लागते आणि चूक लगेच कळते. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या, १८६५ पासून चालत आलेल्या, दुकानात हेड प्रत्यक्ष पाहून घेता येते. लांबून येणाऱ्याने निघण्यापूर्वी फोन करून हव्या त्या मापाचे आहे ना हे विचारून घ्यावे, कारण वरची हेड भरपूर आणि खालचे एकही नाही असा अनुभव मला एकाहून अधिक ठिकाणी आला आहे.

हेड कोणतेही घ्या, ते चढवण्याच्या पद्धतीवर निम्मा आवाज ठरतो. जुने हेड काढल्यावर मी प्रथम शेलचा काठ कोरड्या मऊ फडक्याने पुसतो, कारण तिथे साठलेली धूळ आणि लाकडाचा भुसा हेडला एकसारखे टेकू देत नाही. नंतर नवे हेड ठेवून रिम बसवायची आणि सगळे रॉड बोटांनीच, टेकेपर्यंत फिरवायचे. त्यानंतर की, म्हणजे रॉड फिरवण्याची चावी, हातात घेऊन समोरासमोरचे रॉड जोडीने, एका वेळी अर्ध्या वळणाहून जास्त नाही, असे आवळत जायचे. गोलाकार क्रमाने आवळले तर हेड एका बाजूला ओढले जाते आणि मग कितीही मेहनत केली तरी सूर सरळ होत नाही. थोडा ताण आला की प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काठीच्या टोकाने हलके टकटक करून ऐकावे, आणि जिथे सूर उतरलेला वाटेल तिथे पाव वळण द्यावे. या वेळी तारा सोडून ठेवाव्यात, नाहीतर त्यांच्या खरखरीत सूर कानाला सापडत नाही.

खालचे हेड मी आधी लावतो आणि चांगले चढे ठेवतो. बोटाने मधोमध दाबले तर जेमतेम दबेल इतके. नवे वादक इथे घाबरतात, एवढे पातळ हेड फाटेल असे त्यांना वाटते, आणि म्हणून ते सैल सोडतात. वास्तविक सैल खालचे हेड हेच घोगऱ्या स्नेअरचे सर्वांत मोठे कारण आहे. शेलच्या खालच्या काठावर, जिथून तारांची पट्टी जाते तिथे, दोन्ही बाजूंना काठ किंचित खाली घासलेला असतो. तिथे हेडला सुरकुत्या राहण्याची शक्यता असते, त्यामुळे त्या दोन जागांच्या शेजारचे चार रॉड इतरांपेक्षा थोडे जास्त आवळावे लागतात. वरच्या हेडचा ताण त्यानंतर आवडीप्रमाणे ठेवावा. माझ्या ड्रमवर अँबॅसडर मध्यमाहून किंचित चढे ठेवले की ती लांब ‘टंऽऽग’ आपोआप आखडते. म्हणजे ज्या ओव्हरटोनसाठी लोक महागडे कोरडे हेड घेतात, ते पुष्कळदा कीच्या पाव वळणाने आवरतात. तारांच्या बाबतीत मी त्या पूर्ण सोडून, टोकाने हलके वाजवत वाजवत, नोट स्वच्छ ऐकू येईपर्यंतच आवळतो आणि तिथेच थांबतो.

बासगिटार वाजली किंवा टॉमवर हात पडला की स्नेअरच्या तारा आपणहून कुरकुरतात, त्यावर कोणत्याही हेडमध्ये संपूर्ण उपाय नाही. टॉमचा सूर स्नेअरच्या सुराजवळ असेल तर टॉम थोडा वर किंवा खाली न्यावा, एवढे केले तरी ही कुरकुर निम्म्यावर येते. उरलेली ऐकूनच न घेतलेली बरी, सभागृहात ती ऐकू जात नाही.

हा मजकूर लिहिताना माझ्या स्नेअरवर वर कंट्रोल्ड साउंड आणि खाली हेझी ३०० आहे. रंगमंचावरच्या माझ्या कामाला ही जोडी पुरेशी पडते, आणि मुद्रणाचे काम निघाले की आदल्या रात्री एचडी ड्राय चढवतो. अँबॅसडर पिशवीत राखीव असते, कारण ते कोणत्याही ड्रमवर, कोणाच्याही हातात निभावून नेते. शिवाय यंदापासून प्रत्येक हेडच्या कडेला, रिमखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत, चढवल्याची तारीख कायमच्या शाईच्या पेनने लिहू लागलो आहे. खालच्या हेडवर ‘ऑगस्ट’ लिहिले आहे. पुढचा ऑगस्ट आला की ते, फाटलेले असो वा नसो, उतरणार आहे.